सनसॉफ्टचा ‘गिमिक!’: कोणती कॅसेट घ्यावी, कशावर खेळावी

सनसॉफ्ट या जपानी कंपनीचा ‘गिमिक!’ हा व्हिडिओ गेम घेताना आधी आवाजाचा विचार करायचा, किमतीचा नंतर. हा गेम दोन कॅसेटमध्ये मिळतो. एक फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनची, दुसरी ‘मिस्टर गिमिक’ नावाची, एनईएससाठी (त्याच मशीनचं जपानबाहेरचं रूप) स्कँडिनेव्हियात विकली गेलेली. खेळ दोन्हींत तोच, पण पूर्ण संगीत फक्त जपानी कॅसेटमध्ये आहे. गंमत म्हणजे ही जपानी कॅसेट आपल्याकडच्या जुन्या मीडिया किंवा लिटल मास्टर या फॅमिकॉमच्या क्लोनच्या, म्हणजे नक्कल मशीनच्या, खाचेत सहज बसते, कारण तिलाही ६० पिना असतात. गेम सुरूही होतो. फक्त त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट बहुतेक वेळा ऐकू येत नाही.

जपानमध्ये हा गेम ३१ जानेवारी १९९२ ला आला. सुपर फॅमिकॉम हे पुढचं मशीन बाजारात येऊन वर्ष उलटलं होतं आणि जुन्या आठ बिटांच्या मशीनसाठी नवं काही बघायला फारसं कोणी थांबलं नव्हतं. अमेरिकेत तो येणार होता, पण आलाच नाही. १९९३ मध्ये स्कँडिनेव्हियात थोड्या प्रती विकल्या गेल्या आणि विषय संपला. मारिओ आणि काँत्रा घराघरात पोचले, तसा हा कुठेच पोचला नाही. दुर्लक्षाचं कारण गेमच्या दर्जात शोधायला जाऊ नये.

गोष्ट चार ओळींची आहे. युमेतारो नावाचा हिरवा, टपोऱ्या डोळ्यांचा छोटा प्राणी. एका मुलीचे वडील त्याला खेळणं समजून वाढदिवसाला घरी आणतात. मुलगी त्याच्यातच रमते, तेव्हा तिची जुनी खेळणी जळफळतात आणि तिलाच दुसऱ्या दुनियेत पळवून नेतात. युमेतारो तिला सोडवायला निघतो. जपानी वाचता आलं नाही तरी काही अडत नाही.

खरी करामत चांदणीत आहे. बी बटण दाबून धरलं की युमेतारोच्या डोक्यावर चांदणी तयार होते, सोडलं की ती फेकली जाते. पण ही गोळी नव्हे. तिला वजन आहे: ती खाली पडते, जमिनीवर टप्पे घेते, भिंतीला आपटून परत येते, उतारावरून घरंगळते आणि थोड्या वेळाने नाहीशी होते. पडद्यावर एका वेळी एकच चांदणी. पहिली संपेपर्यंत दुसरी नाही, म्हणजे नेम चुकला की तेवढा वेळ हात बांधलेले. काँत्राच्या सवयीने बटण बडवत राहणारा खेळाडू पहिल्याच स्टेजला वैतागतो. इथे ती सवय मोडावीच लागते.

युमेतारोलाही वजन आहे. धावता धावता थांबायला तो थोडी जागा घेतो आणि उतारावर उभा राहिला की घसरतो. टेकाडाच्या टोकावरून उडी मारायची असेल तर वर पोचायच्या आधीच वेग घ्यावा लागतो. टोकाशी थांबून मारलेली उडी कमी पडते. डोक्यावर उडी मारून शत्रू मरत नाही, उलट काही शत्रूंच्या डोक्यावर उभं राहून त्यांच्याबरोबर सवारी करता येते. मारिओत मुरलेला अंगठा इथे पहिला तासभर तरी चुकीच्याच गोष्टी करणार.

आता चांदणीवर स्वार होण्याबद्दल, कारण लपलेल्या वाटा बऱ्याचदा त्यावरच अवलंबून आहेत. सराव पहिल्या स्टेजला करावा. भिंतीकडे तोंड करून, मध्ये थोडं अंतर ठेवून उभं राहायचं. चांदणी पूर्ण तयार होऊ द्यायची, भिंतीवर फेकायची आणि ती टप्पा घेत परत येताना, ती खाली असताना, तिच्यावर उतरायचं. ती आपल्याला घेऊन पुढे टप्पे घेते, आणि तिच्यावरून पुन्हा उडी मारली तर एरवी न गाठता येणारी उंची मिळते. चुका दोनच होतात. एक, भिंतीला चिकटून उभं राहणं: चांदणी परत येते तोवर उडी मारायला जागाच उरत नाही. दुसरी, चांदणी वर चढत असताना उडी मारणं: मग अंगाला चाटून जाते आणि पायाखाली येत नाही. टप्प्याची लय कानाने पकडली तर डोळ्यांपेक्षा लवकर जमतं.

स्टेज एकूण सहा, आणि सातवी लपलेली. प्रत्येक स्टेजमध्ये एक खजिना दडवलेला आहे. सहाही खजिने मिळाले तरच सातवी स्टेज आणि खरा शेवट बघायला मिळतो. अट जीवघेणी आहे: मध्ये एकदाही कंटिन्यू, म्हणजे जीव संपल्यावर खेळ पुढे चालू ठेवायची सोय, वापरायचा नाही. वापरला की जमवलेले खजिने गेले. सेव्ह नाही, पासवर्ड नाही. म्हणजे सहाही स्टेज एका बैठकीत, हातातल्या जीवांत संपवायच्या. गेमचा आकार छोटा आहे, पण लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखी चित्रं बघून कोणी घरातल्या सहा वर्षांच्या भाचीच्या हातात रिमोट देणार असेल तर सावध केलेलं बरं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निन्टेंडोचा गुबगुबीत किर्बी आला, तो मुद्दाम नवशिक्यांसाठी बनवला होता. युमेतारो दिसतो तसाच, वागतो अगदी उलट.

यात एक उणीव मोकळेपणी सांगायला हवी. कंटिन्यूची ही अट त्या काळच्या मानानेही कडक आहे. खजिन्याची वाट शोधण्यातली मजा आणि जीव वाचवण्याची धास्ती या दोन्ही एकाच वेळी अंगावर येतात आणि शोधायची हिंमत कमी होते. खेळ शिकायचा तर पहिले काही दिवस खजिने विसरून कंटिन्यू मनसोक्त वापरावा.

आवाजाकडे येऊ. फॅमिकॉमच्या स्वतःच्या चिपमध्ये ध्वनीचे पाच मार्ग असतात: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉईज आणि एक छोटे नमुने वाजवणारा. सनसॉफ्टच्या लोकांनी त्या शेवटच्या मार्गाचा बास वाजवण्यासाठी इतका सुरेख उपयोग केला की त्यांच्या गेमची ती ओळखच झाली. ‘गिमिक!’च्या कॅसेटमध्ये त्यावर सनसॉफ्ट ५बी नावाची चिप आहे आणि ती आणखी तीन मार्ग देते. एकूण आठ. या चिपचा आवाज वापरणारा फॅमिकॉमवरचा हा एकच गेम. मासाशी कागेयामा यांचं संगीत या आठ मार्गांसाठी बेतलेलं आहे. युरोपातल्या कॅसेटमध्ये ते जादा तीन मार्ग नाहीत, त्यामुळे चाल तीच पण भरलेपण गेलेलं.

क्लोनवर नेमकं काय होतं? फॅमिकॉममध्ये मशीनचा आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो, तिथे कॅसेटमधला आवाज त्यात मिसळतो आणि ४६ नंबरमधून परत येतो. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. स्वस्त क्लोन बनवणाऱ्यांनी ही वाट अनेकदा गाळली आणि मशीनचा आवाज थेट बाहेर काढला. म्हणून ५बी आत बसून वाजत असते, ऐकणारं कोणी नसतं. हातात सोल्डरिंग असेल तर उपाय आहे: खाचेतल्या ४६ व्या पिनेपासून (३१ ते ६० या रांगेच्या मध्यावरची) रेझिस्टरमधून एक तार मशीनच्या ध्वनीच्या वाटेला जोडायची. रेझिस्टरच्या जागी १०० किलोओमचा प्रिसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) लावून कानाला बरोबर वाटेल तिथे थांबवावा, कारण ५बी मोठ्याने वाजते आणि बाकीचं संगीत दाबून टाकते. खात्री नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावं.

क्लोनची दुसरी अडचण वेगाची. त्यातले बरेचसे आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेले असल्याने सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं दाखवतात. गेम सुमारे सहाव्या भागाने हळू चालतो, संगीतही. सरावाला हे सोयीचं वाटेल, पण मूळ वेगावर गेल्यावर उडीचा अंदाज नव्याने बसवावा लागतो.

एनईएसवर ६० ते ७२ पिनांचा अडॅप्टर लावून खेळणाऱ्यांनाही हाच आवाजाचा प्रश्न येतो. तिथे अडॅप्टरने कॅसेटचा आवाज पुढे नेलेला हवा आणि शिवाय मशीनच्या बुडाशी असलेल्या एक्स्पान्शन पोर्टच्या ३ आणि ९ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टर हवा. ४७ किलोओम ही नेहमीची किंमत.

खरा फॅमिकॉम मागवत असाल तर १९९३ मध्ये आलेलं एव्ही मॉडेल घ्यावं. लाल-पांढरं जुनं मॉडेल देखणं आहे, पण ते चित्र फक्त अँटेनाच्या वाटेने देतं आणि जपानी चॅनेल इथल्या टीव्हीवर पकडणं कटकटीचं. एव्ही मॉडेलचं कंपोझिट चित्र आजच्या बहुतेक सपाट टीव्हींना चालतं. एनटीएससी ही जपानी टीव्ही पद्धत न ओळखणारा जुना डबा असेल तर चित्र काळं-पांढरं दिसेल. आणि जपानी अडॅप्टर थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका, तो १०० व्होल्टचा आहे, लगेच जळतो. इथला १० व्होल्ट डीसी, किमान ८५० मिलिअँपिअरचा, मधली पिन ऋण असलेला अडॅप्टर शोधा. मधली पिन धन असलेले अडॅप्टर दुकानात जास्त मिळतात, म्हणून लावायच्या आधी मीटरने बघा.

कॅसेटचा भाव रुपयांत पाच आकडी जातो, त्यामुळे नकलाही भरपूर. बॅटरी नसल्याने जुन्या सेव्हच्या कॅसेटसारखी बॅटरी बदलण्याची चिंता नाही, पण आतला बोर्ड बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विकणाऱ्याकडून बोर्डाचा स्पष्ट फोटो मागावा. त्यावर सनसॉफ्ट ५बी लिहिलेली चौकोनी चिप दिसली पाहिजे. काळ्या डांबरासारखा गोळा किंवा ताज्या सोल्डरची चकाकी दिसली तर सोडून द्यावं. कव्हर स्क्रूवर नसतं, प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर बसतं. जुनी खिट्टी स्क्रूड्रायव्हरने हमखास तुटते. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून एकेक खिट्टी सोडवावी. कॅसेट लागली नाही म्हणून फुंकर मारायची आपली राष्ट्रीय सवय इथे आवरावी: थुंकीची ओल पिनांना गंज आणते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकाडी, आणि दोन मिनिटं वाळू देणं, एवढं पुरतं.

‘मिस्टर गिमिक’ची मूळ प्रत फक्त जपून ठेवायला घ्यावी, खेळायला नको. ती पालची आहे, जपानी आणि अमेरिकी मशीनवर तशीच चालत नाही, आवाज उणा आणि भाव जास्त.

एवढा व्याप नको असेल त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. सिटी कनेक्शनने बनवलेली ‘गिमिक! स्पेशल एडिशन’ जुलै २०२३ मध्ये स्विच, पीएस४, एक्सबॉक्स वन आणि स्टीमवर आली. तिच्यात मागे फिरवण्याची, म्हणजे रिवाइंडची सोय आहे आणि सेव्हही आहे. कॉम्प्युटरवर स्वतःच्या कॅसेटची प्रत चालवणाऱ्यांना मेसेन हा एम्युलेटर (मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) ५बीचे मार्ग नीट वाजवून दाखवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘गिमिक! २’ही आला, पण आधी पहिला खेळावा. दुसऱ्यातल्या चांदणीचं कौतुक पहिलीवर चारशे वेळा आपटल्याशिवाय कळत नाही.

आमचं मत विचाराल तर संग्रह करणाऱ्याने जपानी कॅसेट आणि एव्ही फॅमिकॉम, बाकी सर्वांनी स्पेशल एडिशन. दोन्ही घेणार असाल तर क्रम उलटा ठेवा: आधी स्पेशल एडिशनवर रिवाइंड करत सहाही खजिन्यांच्या वाटा हाताला पाठ करा, मग कॅसेट लावा आणि कंटिन्यूच्या पानाला हात न लावता सातवी स्टेज गाठायचा प्रयत्न करा.