वी-डब्ल्यूएक्समध्ये आपला सेन्सर घुसवायचाय?

घरी वेदर स्टेशन लावून त्याचे आकडे साठवणारं आणि वेबपेजवर मांडणारं वी-डब्ल्यूएक्स हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला आज ना उद्या ही खाज सुटतेच: स्टेशनसोबत आलेल्या सेन्सरांत आपलाही एक हवा. मला मातीचं तापमान हवं होतं. वॉटरप्रूफ नळीतला डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान सेन्सर घेतला, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडला आणि १० सेंटिमीटर खोल पुरला.

सॉफ्टवेअर फुकट, ओपन सोर्स आणि पायथॉनमधलं. मला सगळ्यात आवडलं ते हे, की मूळ कोडला हात लावावा लागत नाही. आपली छोटीशी सर्व्हिस, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, ‘यूजर’ फोल्डरमध्ये टाकायची, कॉन्फिग फाईलमध्ये डेटा सर्व्हिसेसच्या ओळीत तिचं नाव जोडायचं आणि रीस्टार्ट. नवीन आवृत्ती आली तरी त्या फोल्डरला धक्का लागत नाही. डेटाबेसही आधीच विचार करून आखलाय. नेहमीच्या एक्स्टेंडेड स्कीमात, म्हणजे रकान्यांच्या मांडणीत, मातीच्या तापमानासाठी चार आणि ओलाव्यासाठी चार रकाने तयारच असतात, त्यामुळे मी थेट ‘सॉईलटेम्प१’ वापरला. टाकीतल्या पाण्याची पातळी वगैरे हवी असेल तर मात्र नवा रकाना घालावा लागतो. पाचव्या आवृत्तीत ‘वीसीटीएल’ या सोबतच्या टूलची एक कमांड ते काम करते, पण त्याचं एकक कोणतं हेही तुम्हालाच सांगावं लागतं.

खरी गंमत एककातच आहे. सेन्सर बोलतो सेल्सिअसमध्ये आणि स्टेशनकडून येणारं पॅकेट, म्हणजे आकड्यांचा संच, बऱ्याचदा अमेरिकन एककांत असतं. २५ अंश तसेच ढकलले तर प्रोग्रॅम त्यांना फॅरेनहाइट समजतो आणि वेबपेजवर माती उणे ३.९ अंश दिसते. एरर काही येत नाही! म्हणून पॅकेटमधलं एकक सांगणारं ‘यूएसयुनिट्स’ बघून रूपांतर करणं सक्तीचं.

दुसरी गोष्ट वेगाची. १२ बिटवर या सेन्सरला एका वाचनाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात आणि तेवढा वेळ वी-डब्ल्यूएक्सचं अख्खं इंजिन ताटकळतं. दर दोन सेकंदांनी पॅकेट पाठवणाऱ्या स्टेशनवर हे परवडत नाही. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) टाका, नाहीतर सरळ डेटाबेसमध्ये ठरावीक वेळाने जाणाऱ्या आर्काइव्ह रेकॉर्डला बांधा, म्हणजे पाच मिनिटांतून एकदाच. माती काही मिनिटामिनिटाला रंग बदलत नाही.

वीज डळमळली की हा सेन्सर ८५ अंश दाखवतो. चालू झाल्यावरचा तो त्याचा ठरलेला आकडा आहे. वी-डब्ल्यूएक्समधल्या ‘एसटीडी क्यूसी’ या आकडे तपासणाऱ्या भागात किमान-कमाल मर्यादा घातली की असले आकडे बाहेरच राहतात. डेटा सर्व्हिसेस या तपासणीच्या आधी चालतात, म्हणून आपल्या आकड्यालाही ती चाळणी लागते. हा क्रम ज्याने आखला त्याला माझा सलाम.

ग्राफ काढणं त्यामानाने किरकोळ, स्किनच्या (वेबपेजच्या साच्याच्या) फाईलमध्ये दोन ओळी. फक्त चौकटी कंस मोजत बसावं लागतं. चार-चार कंसांची ती नेस्टिंग मला अजूनही आवडत नाही.

थोडंफार पायथॉन येत असेल तर बिनधास्त करा. अजिबात नको असेल तर सेन्सरचे आकडे एमक्यूटीटीवर (उपकरणांमध्ये संदेश पोचवायची एक पद्धत) पाठवा. तिथून ते उचलून घेणारं एक्स्टेंशन आयतं मिळतं, कोड न लिहिता काम भागतं.