दहा एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) खिशातलं भिंग: वनस्पती रोगशास्त्र करायचंय तर हे आधी घ्या

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत लॅबच्या सामानाच्या दुकानातनं घेतलं, 250 रुपये, दोन वर्षं झाली रोज खिशात आहे. बीएस्सी ॲग्रीची 4 वर्षं झाली की एमएस्सीला वनस्पती रोगशास्त्र घेणाऱ्या पोरांना मी हेच सांगते, मायक्रोस्कोप कॉलेजात मिळतोच पण शेतकरी बांधावर पान हातात देतो तेव्हा हेच कामाला येतं.

परवा करवीरात एका काकांच्या उसावर तांबेरा रोग की तपकिरी ठिपक्यांचा रोग कळेना. पान उलटं करून भिंग डोळ्याजवळ धरलं तर पुळ्या फुगून फुटलेल्या आणि बोट फिरवलं की तांबूस भुकटी लागली, म्हणजे तांबेराच, ठिपक्याला अशी भुकटी नसते. काका म्हणाले, "पोरी, मलाबी दाव की." बराच वेळ बघत बसले, लय बरं वाटलं मला.

काच एक नंबर, कडेला थोडं धूसर दिसतं. कडी मात्र दोन महिन्यांतच सैल झाली, दोरा ओवून गळ्यात अडकवलंय. दुकानदारांनी बदलून द्यायला नाही म्हटलं ते नाही आवडलं. वीस एक्सचं घेऊ नका, शेतात हात हलतो, फोकस होत नाही.