घरपट्टी की राज्याचं अनुदान?

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या तिजोरीत पैसा येण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत: आपण भरतो ती घरपट्टी आणि राज्याकडून येणारं जीएसटी नुकसानभरपाईचं अनुदान. यातली चांगली वाट कोणती?

अनुदानाबद्दल थोडक्यात सांगते. शहरात येणाऱ्या मालावर ठाण्यात पूर्वी जकात होती, नवी मुंबईत उपकर. मग दोन्हीकडे एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीने तोही संपवला. त्याबदल्यात राज्य दरमहा रक्कम देतं. २०१६-१७ हे आधारवर्ष, त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ. नियमित, वसुलीची कटकट नाही. पण नवी मुंबईतल्या घणसोलीत वस्ती दुपटीने वाढली तरी सूत्र तेच राहतं.

घरपट्टीचं तसं नाही. कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणजे ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या नगरसेवकाला हात वर करावा लागतो आणि त्याचं उत्तर मतदारांना द्यावं लागतं. म्हणूनच दरवाढ टळत राहते, हा घरपट्टीचा खरा दोष. शिवाय नवी मुंबईत मे २०२०पासून आणि ठाण्यात मार्च २०२२पासून प्रशासकांचा कारभार सुरू झाला, तेव्हा सभागृहच नव्हतं. कर आपण भरत होतो आणि ठरवणारा एकच अधिकारी. याची चीड यायलाच हवी.

तरीही माझा कौल घरपट्टीला. अनुदान कमी पडलं तर आपण मंत्रालयाकडे पाहत बसतो. घरपट्टीचा हिशेब मात्र आपल्याच प्रभागात, नाव घेऊन मागता येतो.