टाकाऊतून हवामानयंत्रं, वर्कशॉपचा अनुभव (पुणे)

जूनमध्ये लेकीला घेऊन कोथरूडला रविवारच्या एका वर्कशॉपला गेले होते, ३ तास, बाटल्या-डबे-फुगे आपणच न्यायचे आणि पर्जन्यमापक, वाऱ्याचं चक्र, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) असं सगळं पोरांनी स्वतः करायचं. शिकवणाऱ्या ताई फार प्रेमानं सांगतात, पोरं हलली नाहीत जागची.

पर्जन्यमापक एक नंबर! २ लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं डोकं कापून उलटं आत बसवायचं, बुडाला खळगे असतात म्हणून खडे टाकून वर पाणी भरायचं आणि त्या पातळीला शून्याची रेघ. पण बाटली सरळ हवी हे कुणी सांगितलंच नाही, आमची मध्ये कमरेत बारीक, तिथं पट्टीनं मोजलं की पाऊस उगाच जास्त दिसायचा. मग घरी औषधाच्या सिरिंजनं खुणा केल्या, तोंड १० सेंटीमीटर रुंद असेल तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ८ मिली पाणी, तेवढं ओतायचं न् रेघ मारायची, मग बाटलीचा आकार कसाही असू दे. आणि गॅलरीत नको, गच्चीवर भिंतीपासून लांब, वीट लावून ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला २४ तासांचा पाऊस मोजतं, म्हणून आम्हीपण तेव्हाच बघतो, लेक वहीत आकडा लिहूनच शाळेची तयारी करते.

बॅरोमीटरवर मात्र माझी खरी नाराजी आहे. काचेच्या बरणीवर फुगा ताणून वर स्ट्रॉ चिकटवायची, बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की फुगा वर येतो आणि स्ट्रॉचं टोक खाली जातं, इथवर बरोबर, पण बरणीतली हवा तापली तरी अगदी हेच होतं! नुसतं ३ अंशांनी गरम झालं तरी दाब १० हेक्टोपास्कलनं (हे दाबाचं माप) उतरल्यासारखं दिसतं. आमची स्ट्रॉ रोज दुपारी खाली यायची आणि लेक दर वेळी दाब उतरला, पाऊस येणार म्हणून कपडे काढायला पळायची. मुलांना हे आधी सांगायलाच पाहिजे, बिचारी आपलंच चुकलं समजतात.

वाऱ्याच्या चक्राचा पुठ्ठा पहिल्याच पावसात लगदा झाला, नंतर आइस्क्रीमचे प्लास्टिकचे कप लावले, एका कपाला लाल नेलपॉलिश म्हणजे फेरे मोजता येतात, अजून मस्त फिरतंय.

एकूण ५ पैकी ४. जाणार असाल तर सरळ बाटली आणि प्लास्टिकचे कप घरूनच न्या.