पेंटॅक्स के१००० ची बॅग: उन्हाळा अन् पावसाळा दोन्ही काढल्यावरचा अनुभव

बॅग शोधत होतो तेव्हा जे काही वाचलं-पाहिलं त्यात सगळा जोर एकाच गोष्टीवर, कॅमेरा पडला-आपटला तर काय. आमच्या परभणीकडं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे बघा. माझा पेंटॅक्स के१००० म्हणजे रोल टाकायचा जुना फिल्म कॅमेरा, धातूचा, दणकट, १९७६ पासून १९९७ पर्यंत हे मॉडेल बनत होतं अन् आजही कुठं कुठं चालू स्थितीत सापडतं ते काही उगाच नाही. इथं खरा त्रास धुळीचा. मार्च-एप्रिलमध्ये काळी माती वाळून तिची जी पूड उडते ती एसटीच्या खिडकीतून, दाराच्या फटीतून, चेनच्या दातांतून सगळीकडं जाते.

आणि फिल्म कॅमेऱ्याचं असंय की दर ३६ फोटोंनी मागचं झाकण उघडावंच लागतं, तेही बहुतेक वेळा बाहेर, उभ्या-उभ्या. त्या वेळी एखादा कण प्रेशर प्लेटवर (झाकणाच्या आतली, फिल्म दाबून धरणारी पट्टी) बसला किंवा रोलच्या डबीच्या तोंडाला जी मखमल असते तिच्यात अडकला की पुढं सरकणाऱ्या फिल्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. कळतं कधी, तर स्कॅन हातात आल्यावर. माझ्या एका मित्राचा पैठणच्या नाथषष्ठीचा अख्खा रोल असा गेला, दिंड्या, पताका, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे, सगळ्यांवरून एकच रेघ, लई वाईट वाटलं. म्हणून मी बॅग बघताना पहिलं हेच बघितलं की धूळ आत जाती का नाही, अन् भर उन्हात रोल बदलायचा तर तिच्या आत हात घालून बदलता येतो का.

सध्या वापरायलोय ते असं: आतला गादीवाला कप्पा रेडिमेड, वेल्क्रोचे पडदे हलवता येणारा, अन् बाहेरची खांद्याची पिशवी जाड कॅनव्हासची, ती इथल्याच बॅगवाल्याकडून शिवून घेतली. चेनवरून खाली येणारं झाकण त्याला मुद्दाम चार बोटं लांब करायला लावलं, दोन्ही बाजूंनी कान, म्हणजे चेनची टोकं झाकणाऱ्या जादा पट्ट्या, काढून. हा सगळ्यात कामाचा भाग ठरला. नुसत्या चेनवाल्या बॅगेत दातांवर धूळ साचती अन् चेन ओढली की नेमकी आत पडती, झाकण असलं की धूळ वरच राहती, झटकली की झालं. रंग फिकट खाकी घेतला. काळी बॅग दिसायला भारी असती पण मे महिन्यात वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात ती खाली ठेवून बघा, कापड किती तापतं ते हाताला कळतं. अन् उन्हानं रंगीत फिल्मचे रंग बिघडतात, म्हणून रोल आतल्या बाजूला पाठीला लागून ठेवतो, बाहेरच्या खिशात कधीच नाही, अन् गाडीच्या डिक्कीत तर बिलकुल नाही.

बॅटरीचं एक सांगायचं राहिलं. के१००० ला मीटर (उजेड मोजणारा भाग, बॅटरी त्यालाच लागते) बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर उजेड पडला की मीटर चालू. म्हणजे कॅप लावायची किंवा अंधारात ठेवायचं, एवढंच. बॅगेचं झाकण नीट बसत असंल तर तीच तुमची स्विच. शटर यांत्रिक आहे त्यामुळं बटणसेल संपला तरी फोटो निघतात, पण लेण्यातल्या उजेडात अंदाजानं एक्सपोजर लावणं सगळ्यांना जमत नाही. आणखी एक, रिवाइंडची, म्हणजे संपलेला रोल परत गुंडाळायची, नॉब वर ओढली की मागचं झाकण उघडतं. म्हणून कप्पा फार घट्ट नको, कॅमेरा काढताना ती नॉब पडद्यात अडकायला नको. वरून अर्धा बोट मोकळं ठेवा.

कॅमेऱ्यासोबत आलेली जुनी चामड्याची केस? दिसायला देखणी, तिचा वास पण आवडतो मला. पण खालून स्क्रूनं बसती, रोल बदलायचा म्हणजे पूर्ण काढावी लागती, अजिंठ्याला पायऱ्यांवर मागून माणसं येत असताना हे कोण करत बसणार. आतलं फोमचं अस्तर जुनं होऊन त्याचा भुगा सुटत होता, काळा चिकट भुगा, तो कॅमेऱ्याजवळ नकोच. आणि चामडं ओल धरून ठेवतं, भाद्रपदात लेन्सला बुरशी यायला ते पुरतं. आता ती केस कपाटात शोभेला आहे.

बॅगेच्या तक्रारी पण आहेत. अजिंठ्याला फरदापूरहून बसनं जाऊन पुढं पायऱ्या चढताना ती मांडीवर आपटत राहती, खांद्याचा पट्टा आखूड करून बॅग कमरेच्या वर आणली तेव्हा कमी झालं. वेल्क्रोला गमछ्याचे धागे चिकटतात. नि कॅनव्हास म्हणजे वॉटरप्रूफ नाही, जोराचा पाऊस आला तर वरून प्लास्टिक लागतंच, मी पेरणीवाले वापरतात तसल्या जाड प्लास्टिकचा तुकडा घडी करून पुढच्या खिशात ठेवलाय. पावसाळ्यात घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवायचाच नाही. गादी ओल धरती. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरतो.

ज्यांच्याकडं एक बॉडी, ५० एमएम अन् फार तर आणखी एक लेन्स आहे त्यांनी महागडी मोठी बॅग घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. मोठी बॅग रिकामी राहिली की आत कॅमेरा हलतो. आतला कप्पा घ्यायचा तर कॅमेरा लेन्स लावून, पट्ट्यासकट दुकानात न्या, आत ठेवून झाकण लावा, मग उलटी करून हलवा. आवाज आला तर दुसरी बघा. आणि शिवून घेणार असाल तर झाकणाचे कान विसरू नका, शिंपी म्हणंल कापड वाया जातंय, तरी लावायलाच सांगा.