रोजच्या खर्चातून हवाई माइल्स: विमान कंपनीचे कार्ड, बँकेचे पॉइंट्स की सरळ कॅशबॅक?

किराणा, विजेचे बिल, इंधन, विम्याचा हप्ता हा खर्च एरवीही होणारच असतो. त्याच खर्चातून विमानाचे तिकीट निघावे, असे कोणालाही वाटेल. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात आपली ‘ॲडव्हांटेज’ योजना सुरू केली, तेव्हा माइल्स, म्हणजे पुढे तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट्स, मिळवायचे तर विमानात बसावे लागे. १९८७ मध्ये सिटीबँकेबरोबर तिचे क्रेडिट कार्ड आले आणि दुकानातली खरेदीही प्रवासाच्या खात्यात जमा होऊ लागली. आता तर उलटीच परिस्थिती आहे. डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकी विमान कंपन्यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये माइल्स अंतरावर न देता भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे स्वस्त तिकिटावर दूरचा प्रवास करणाऱ्याच्या पदरी विमानातून फारसे काही पडत नाही आणि कार्डावरचा खर्च हाच माइल्सचा मोठा स्रोत ठरतो.

निर्णय घेणाऱ्यासमोर मुख्यतः तीन पर्याय असतात: एखाद्या विमान कंपनीचे को-ब्रँडेड (बँक आणि ती कंपनी यांनी मिळून काढलेले) कार्ड, ज्याचे पॉइंट्स अनेक कंपन्यांकडे वळवता येतात असे बँकेचे कार्ड, किंवा माइल्सचा विचार बाजूला ठेवून थेट कॅशबॅक देणारे कार्ड. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दर महिन्याचे बिल पूर्ण भरणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हे तिन्ही पर्याय तोट्याचे आहेत, कारण थकबाकीवरचे व्याज कोणत्याही बक्षिसापेक्षा कितीतरी जास्त असते.

तुलनेची सुरुवात मी मुद्दाम कॅशबॅकपासून करतो. माइल्स फुकट मिळतात असे आपण सहज म्हणून जातो, पण ज्या खर्चावर दीड टक्का रोख परत मिळू शकला असता तो खर्च माइल्सच्या कार्डावर केला, की तो दीड टक्का आपण माइल्सची किंमत म्हणून मोजलेला असतो. चलन कोणतेही असो, हिशेब सारखाच राहतो. समजा, १ खर्च केल्यावर १ माइल मिळतो आणि एका तिकिटाला २५,००० माइल्स लागतात. म्हणजे २५,००० खर्च झाला आणि त्यावरचा ३७५ इतका कॅशबॅक सोडला. आता तेच तिकीट रोखीने ४०० ला मिळत असेल आणि माइल्सने काढतानाही कर व विमानतळ शुल्काचे ६० भरावेच लागत असतील, तर प्रत्यक्षात वाचले ३४०. तिकीट ‘फुकट’ मिळाल्याच्या आनंदात ३५ चा तोटा झाला, आणि रोखीच्या तिकिटावर जे नवे माइल्स मिळाले असते तेही गेले. हाच प्रवास गर्दीच्या हंगामात ७०० चा असेल, माइल्स मात्र तेवढेच लागत असतील आणि हवी ती सीट उपलब्ध असेल, तर ६४० वाचतात आणि २६५ चा निव्वळ फायदा होतो. माइलची किंमत अशी तिकीट काढायच्या दिवशीच ठरते, कॅशबॅकची मात्र आधीच ठरलेली असते. तीन पर्यायांतला खरा फरक हाच आहे.

को-ब्रँडेड कार्ड कोणाला परवडते, याचे उत्तर त्या कंपनीच्या विमानात तुम्ही वर्षातून किती वेळा बसता यावर अवलंबून आहे. अशा कार्डाचे खरे मोल पुष्कळदा माइल्सपेक्षा सोबतच्या सवलतींत असते. एका सामानाचे शुल्क माफ होत असेल आणि घरातली चार माणसे एकाच बुकिंगवर जात-येत असतील, तर वार्षिक शुल्क एकाच प्रवासात वसूल होऊ शकते. एका कंपनीचे माइल्स तिच्याच विमानांपुरते राहतात असेही नाही, कारण स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम या आघाड्यांमधल्या भागीदार कंपन्यांवरही ते वापरता येतात. जोखीम वेगळ्याच ठिकाणी आहे. सगळी शिल्लक एकाच योजनेत असते आणि त्या योजनेचे नियम बदलण्याचा अधिकार फक्त कंपनीकडे असतो. डेल्टाने २०१५ मध्ये, तर युनायटेडने २०१९ मध्ये कोणत्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचे ठरीव तक्ते काढून टाकले; तेव्हापासून आकडा मागणीप्रमाणे वर-खाली होतो आणि वर्षभर जमवलेली रक्कम पुरेल की नाही हे आधी सांगता येत नाही. त्याहून टोकाचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या अँसेट कंपनीचे आहे. ती सप्टेंबर २००१ मध्ये कोसळली आणि तिच्या ग्राहकांच्या खात्यातले पॉइंट्स निरुपयोगी ठरले.

बँकेच्या पॉइंट्समध्ये ही जोखीम विभागली जाते. ज्या कंपनीकडे हवी त्या तारखेची सीट मिळेल तिकडे पॉइंट्स वळवायचे, आणि तोपर्यंत ते बँकेतच ठेवायचे. माझ्या दृष्टीने वर्षातून दोन-तीनदा, तेही वेगवेगळ्या कंपन्यांनी प्रवास करणाऱ्या माणसासाठी हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. मात्र दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली म्हणजे वळवण्याचे प्रमाण: खर्चावर दुप्पट पॉइंट्स देणारे कार्ड दोन पॉइंट्सना एकच माइल देत असेल, तर जाहिरातीतल्या ‘दुप्पट’ या शब्दाला अर्थ उरत नाही. दुसरी म्हणजे एकदा वळवलेले पॉइंट्स सहसा परत घेता येत नाहीत. एकदा स्क्रीनवर दोन सीट्स दिसत होत्या, म्हणून मी सगळे पॉइंट्स वळवले. ते खात्यात जमा व्हायला तीन दिवस लागले आणि तोवर त्या सीट्स गेल्या होत्या. ते माइल्स पुढे मला नको असलेल्या तारखांना वापरावे लागले. तेव्हापासून वळवलेले पॉइंट्स किती वेळात जमा होतात आणि सीट तात्पुरती राखून ठेवता येते का, हे विचारल्याशिवाय मी पॉइंट्सना हात लावत नाही.

मुदतीच्या बाबतीत योजनांमध्ये मोठा फरक आहे. डेल्टाचे माइल्स संपत नाहीत, तर सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स साधारणपणे तीन वर्षांनी बाद होतात. ज्यांचा खर्च बेताचा आहे आणि एका तिकिटापुरते माइल्स जमायलाच चार वर्षे लागणार आहेत, त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या योजनेचे को-ब्रँडेड कार्ड घेऊच नये.

तिन्ही पर्यायांवर जोडता येणारी एक वाट म्हणजे विमान कंपन्यांची खरेदी पोर्टल्स. दुकानाच्या संकेतस्थळावर थेट न जाता पोर्टलवरून गेलात, तर दुकानाकडून पोर्टलला मिळणाऱ्या कमिशनचा काही भाग माइल्सच्या रूपाने तुमच्याकडे येतो, आणि पैसे कॅशबॅक कार्डाने भरले तरी हे माइल्स मिळतात. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन चालू असेल तर खरेदीची नोंद चुकू शकते, म्हणून ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवलेला बरा.

किराण्यासारख्या ठरावीक खर्चावर मिळणाऱ्या वाढीव माइल्सच्या श्रेणींवर भिस्त ठेवण्याआधी हेही लक्षात घ्यावे, की तुम्ही काय घेतले हे कार्डाला कळत नाही. दुकानाला दिलेला चार अंकी मर्चंट कोड तेवढा त्याला दिसतो. मोठ्या बहुविध दुकानातून किराणा भरला आणि त्याची नोंद किराणा म्हणून नसेल, तर वाढीव दर लागू होत नाही. बक्षिसांचा बराचसा पैसा दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून येतो, म्हणून देशागणिक कार्डांची उदारताही बदलते. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून वैयक्तिक क्रेडिट कार्डांवरील इंटरचेंज शुल्क, म्हणजे त्यातला कार्ड देणाऱ्या बँकेला मिळणारा वाटा, ०.३ टक्क्यांवर आणि डेबिट कार्डांवरील ०.२ टक्क्यांवर बांधून टाकले, त्यामुळे तिथल्या बँकांना बक्षिसे वाटायला फारसा वाव राहिला नाही. दुकानदार कार्डाने पैसे घेताना वर दोन टक्के लावत असेल, तर दीड टक्क्याचे बक्षीस त्यातच संपते. तिथे कार्ड काढूच नये.

मी स्वतः बिले, किराणा आणि इतर किरकोळ खर्च कॅशबॅक कार्डावर ठेवतो, तिकिटे, हॉटेले व बाहेरचे जेवण बँकेच्या पॉइंट्स कार्डावर करतो, कारण तिथे वाढीव दर मिळतो, आणि को-ब्रँडेड कार्ड दोन वर्षांपूर्वी बंद केले. आईवडील दुसऱ्या शहरात राहत होते तेव्हा महिन्याआड एकाच कंपनीच्या विमानाने जाणे होई आणि तेच कार्ड मला सर्वांत जास्त उपयोगी पडले होते. ते माझ्याजवळ राहायला आल्यावर त्याचे वार्षिक शुल्क भरण्याचे कारण उरले नाही.