वर्डप्रेस आणि वूकॉमर्स: छोट्या धंद्याला झेपतं का?

वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, वूकॉमर्स म्हणजे त्यावर दुकान चालवायची सोय. दोन्हीला मिळून पाचपैकी साडेतीन स्टार. एक देखभालीसाठी कापलाय आणि अर्धा मराठीसाठी, दोन्हीचं पुढे सांगते.

आमच्या मोठ्या जाऊबाईंचा इचलकरंजीत कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, डंकावर कुटून घ्यायच्या, आणि मग वर्षभर पुण्या-मुंबईला पार्सलं. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांचं मसाल्याचं आणि माझं कॉम्प्युटरचं अशी वाटणी असल्याने वेबसाइट माझ्या गळ्यात पडली, आणि आता बऱ्यापैकी वापरून झाल्यावर हे लिहितेय, कारण रोज कुणी ना कुणी विचारतं की आम्ही पण काढू का.

आधी एक खुलासा, वर्डप्रेसची दोन दुकानं आहेत. डॉट कॉमवालं म्हणजे तेच होस्टिंग (वेबसाइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) पण देतात आणि त्यांच्या प्लॅनप्रमाणे पैसे घेतात, डॉट ऑर्गवालं म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, फुकट उतरवून घ्यायचं आणि आपल्या होस्टिंगवर टाकायचं. मी दुसऱ्याबद्दल बोलतेय. 2003 पासून चालू आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर आहेत असं म्हणतात, त्यामुळे उद्या अडलं तर गल्लीत सुद्धा कुणीतरी जाणणारा सापडतो. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. वूकॉमर्स म्हणजे त्याच्यावर बसणारं दुकानाचं प्लगइन (वरून जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर), ते पण फुकट.

फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट हां. डोमेनचे (वेबसाइटच्या पत्त्याचे) वर्षाला पैसे, होस्टिंगचे वर्षाला पैसे, आणि होस्टिंगवाले पहिल्या वर्षी जो भाव दाखवतात तो बघून भुलू नका, रिन्यूअलचा भाव किती ते आधी शोधा, बारीक अक्षरात असतो आणि बऱ्याचदा दुपटीच्या वर जातो. एसएसएलचे (साइट सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे) वेगळे पैसे मागत असतील तर मात्र सरळ उठून या, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवर एका बटणावर लागतं. ते नसेल तर क्रोम पत्त्याच्या पट्टीत ‘नॉट सिक्युअर’ दाखवतो आणि गिऱ्हाईक पैसे भरायला कचरतं.

डोमेनबद्दल जरा जास्त लिहिते कारण खरी फसवणूक तिथे होते. आमच्या ओळखीतल्या एका केटरिंगवाल्या काकांना एका एजन्सीने पाच हजारात ‘सगळं आलं त्यात’ म्हणून वेबसाइट करून दिली. सगळं आलं खरं, पण डोमेन घेतलं एजन्सीच्या ईमेलवर, एजन्सीच्या खात्यात. काकांना दुसरीकडे जायचं होतं तेव्हा ट्रान्सफरचा कोड द्यायला टाळाटाळ, आज देतो उद्या देतो, मग म्हणे आधी पुढच्या वर्षाचे मेंटेनन्सचे भरा. काकांच्या टेम्पोवर, कार्डावर, लग्नाच्या हॉलमधल्या बोर्डावर तोच पत्ता छापलेला. शेवटी नवं नाव घेतलं आणि टेम्पो परत रंगवला. तर डोमेन आपल्या ईमेलवर, आपल्या खात्यातून, आपल्या कार्डाने. डेव्हलपरला काम करायला ॲक्सेस द्या, मालकी नको. आणि रिन्यूअलचा मेल ज्या ईमेलवर येतो तो रोज उघडणारा पाहिजे, पोराने कॉलेजात असताना काढलेला नको.

कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, गूगलवर फुकट होतं की. होतं. गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत एक साधी वेबसाइट फुकट मिळायची, बिझनेस डॉट साइट वाला पत्ता. मार्च 2024 मध्ये गूगलने ती सोय बंद केली, संपलं. प्रोफाइल मात्र चालू आहे आणि ते प्रत्येकाने काढावंच, वेबसाइटच्या आधी काढावं. वेळ, फोन, नकाशा, फोटो सगळं तिथे येतं आणि ‘जवळचं दुकान’ शोधणारा माणूस तेवढंच बघतो.

आता मराठीचं. वर्डप्रेसचा आतला सगळा कारभार मराठीत करता येतो, ही चांगली गोष्ट. पण पानाला मराठी नाव दिलं की त्याची लिंक पण मराठीत बनते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची लांबच लांब शेपटी दिसते, लोकांना वाटतं व्हायरस आहे. त्यात अजून एक गंमत, लिंकला आत 200 अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षर (काना-मात्रा पण वेगळी मोजतात) नऊ जागा खातं, म्हणजे बावीस अक्षरात खेळ खलास, ‘घरगुती कांदा लसूण मसाला’ जेमतेम बसतो, पुढे अजून एक शब्द जोडला की तुटतो. उपाय सोपा आहे, पान साइटवर प्रसिद्ध करायच्या आधी लिंकच्या खान्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये छोटं नाव टाकायचं. पण हे कुणी सांगत नाही.

दुसरं, पाकिटाचा मजकूर ज्या डीटीपीवाल्याकडे केला त्याच्याकडून आणून तसाच चिकटवू नका. ते बहुतेक श्रीलिपीत (डीटीपीचं मराठी सॉफ्टवेअर) असतं, युनिकोडमध्ये (मोबाइल आणि वेबसाइटला कळणारी अक्षरं) नाही, वेबसाइटवर डॉलर, प्लस आणि कंसांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर मिळतात पण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं तपासावीच लागतात. आम्ही सरळ परत टाइप केलं. फॉन्ट ‘मुक्त’ लावलाय, फुकट आहे आणि मोबाइलवर छान वाचता येतो.

फोटो. मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसे दहा टाकले की पान उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या दुकानात. रुंदी 1200 पिक्सेल करा, वेबपीमध्ये (फोटोची हलकी फाइल) सेव्ह करा, दीडशे केबीच्या आत बसतो आणि मिरचीचा लाल रंग काही कमी होत नाही. गूगलच्या पेजस्पीड इन्साइट्सवर साइटचा वेग फुकट तपासता येतो, तिथे मोबाइलचा आकडा बघायचा, डेस्कटॉपचा बघून खूश व्हायचं नाही.

देखभालीचा स्टार का कापला, तर हे प्रकरण लावून विसरता येत नाही. प्लगइनचे अपडेट येतच राहतात, आणि जुनं प्लगइन तसंच ठेवलं की तिथूनच हॅक होतं. प्लगइन कमीत कमी ठेवा, महागडी थीम (साइटचं तयार रूप) ‘फुकटात’ देणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका, त्यात काय भरलेलं असतं देव जाणे. बॅकअप (साइटची जादा प्रत) अपड्राफ्टप्लस या प्लगइनने गूगल ड्राइव्हवर आपोआप जातो, फुकट व्हर्जन पुरतं. दर आठवड्याला अर्धा तास देता येत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग वापरा, त्यात कमीपणा नाही.

वूकॉमर्सचं चेकआउट (ऑर्डर पक्की करायचं पान) मला आवडलेलं नाही. ईमेल टाकल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही, आणि आमच्या गिऱ्हाइकात ज्या मावशी-काकू आहेत त्यांचा ईमेल मुलाने फोन घेताना काढलेला, त्यांना तो आठवतही नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर द्या’ असं मोठं बटण शेजारी ठेवलंय, निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला देणारी कंपनी) साधारण दोन टक्के आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 500 च्या ऑर्डरमागे 11 रुपये 80 पैसे. किंमत ठरवतानाच धरा. आणि खाण्याची वस्तू विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 आकडी नंबर, पूर्ण पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव-नंबर साइटवर दिसेल असं टाका, 2020 च्या ई-कॉमर्स नियमात मालकाची माहिती आणि तक्रारीची सोय दोन्ही मागितलंय.

कुरिअरचं भाडं हे शेवटचं दुखणं. वूकॉमर्समध्ये मुळात फ्लॅट रेट, फ्री आणि दुकानातून घेऊन जा एवढंच आहे, वजनावर भाडं लावायला वेगळं प्लगइन लागतं. अर्धा किलो आणि पाच किलो मसाल्याला एकच भाडं लागलं तर मोठ्या पार्सलात मार्जिन सगळं कुरिअरवाल्याकडे जातं. तेवढं एक काम जाणकाराकडून करून घ्या, दोन-तीन हजार गेले तरी चालतील.